गोधडीचा अमेरिकन नंबर

आमच्या घरात गोधडी शिवते ती आई, सुईत दोरा ओवून देते ती बायको, आणि व्यवसाय करतो तो मी. म्हणजे फोटो काढतो, खाली इंग्रजीत दोन ओळी लिहितो आणि पार्सलाला चिकटपट्टी लावतो. चिकटपट्टीचं टोक शोधण्यातच माझा निम्मा व्यवसाय होतो. पण जुन्या साड्यांच्या घड्या एकावर एक घालून धावदोऱ्यानं शिवलेली ही वस्तू अमेरिकेतल्या काही मंडळींना फार आवडते. एका बाईंनी तर गोधडी भिंतीवर टांगल्याचा फोटो पाठवला. आईनं तो बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, "तिकडं भिंतींना थंडी वाजते का रे?"

८०० डॉलरपर्यंतचं पार्सल अमेरिकेत जकातीशिवाय सुटत होतं, तोवर आमचं बरं चाललं होतं. २९ ऑगस्ट २०२५ पासून ती सवलत सगळ्याच देशांना बंद होणार, असं महिनाभर आधी जाहीर झालं. मग मी डोकं चालवलं. एकेक गोधडी पाठवत बसण्यापेक्षा पंचवीस-तीस गोधड्यांचा एकच गठ्ठा तिकडच्या गोदामात नेऊन टाकायचा आणि ऑर्डर येईल तशी तिथूनच रवाना करायची. कल्पना माझी, त्यामुळे पुढचं सगळं माझ्याच गळ्यात पडलं.

तिकडच्या कस्टम एजंटनं पहिलाच प्रश्न विचारला, "माल आयात कोणाच्या नावावर?"

"माझ्या," मी छाती काढून म्हणालो.

"मग ईआयएन पाठवा."

मी पॅन नंबर पाठवला. हा नव्हे, म्हणाला. जीएसटीचा पाठवला. हाही नव्हे. शेवटी आयात-निर्यात कोड पाठवला. तो हल्ली पॅनच असतो, त्यामुळे त्यानं मला 'हा मगाशीच दिलात' असं सभ्य शब्दांत कळवलं.

ईआयएन म्हणजे एम्प्लॉयर आयडेंटिफिकेशन नंबर. मराठीत मालक-ओळख क्रमांक म्हणा हवं तर. नऊ आकडी असतो; आधी दोन आकडे, मग आडवी रेघ, मग सात आकडे. नावात 'मालक' असलं तरी पदरी नोकर असलाच पाहिजे असं नाही. हा नंबर देतं तिथलं करखातं, म्हणजे आयआरएस. सोशल सिक्युरिटी नंबरही नऊ आकडी, तो तिथल्या माणसांना. आयटीआयएनही नऊ आकडी, त्याची सुरुवात ९ नं होते आणि तो कर भरायचा आहे पण सोशल सिक्युरिटी मिळू शकत नाही अशांना. नऊ आकड्यांत अमेरिकेनं सगळी माणसं बसवली आहेत, आणि मी त्यांतल्या एकातही बसत नव्हतो.

ओळखीतून एक सल्लागार भेटला. दीडशे डॉलरमध्ये नंबर काढून देतो म्हणाला. मी पैसे देणारही होतो, पण तेवढ्यात आयआरएसच्या सूचना वाचताना दिसलं की हा नंबर फुकट मिळतो. फुकट हा शब्द वाचला की माझ्यातला स्वावलंबी माणूस खडबडून जागा होतो.

ऑनलाइन अर्ज पाच-दहा मिनिटांत होतो, पण तो ज्यांचं बस्तान अमेरिकेत आहे त्यांच्यासाठी. आमच्यासारख्यांना तीन वाटा. ओहायोतल्या सिनसिनाटीला टपालानं अर्ज पाठवा आणि चार-पाच आठवडे थांबा. फॅक्स करा आणि साधारण चार कामाचे दिवस थांबा. किंवा फोन करा आणि बोलता बोलता नंबर घ्या. फोनची सोय खास परदेशी अर्जदारांसाठी आहे. कॉलचे पैसे मात्र आपले. कुठलीही वाट धरली तरी आधी एसएस-४ नावाचा फॉर्म भरून तयार ठेवायचा.

हा फॉर्म एका पानाचा आहे. एका पानात माणसाला स्वतःविषयी इतकं विचारात पाडणारा दुसरा कागद मी पाहिलेला नाही. लग्नाआधीसुद्धा मला कोणी एवढं विचारलं नव्हतं.

सातव्या रकान्यात 'रिस्पॉन्सिबल पार्टी'चं नाव मागतात. धंद्याची सूत्रं ज्याच्या हाती आहेत ती जबाबदार व्यक्ती. मी माझं नाव लिहीत होतो, तेवढ्यात बायको चहा घेऊन आली आणि खांद्यावरून वाचायला लागली.

"अहो, जबाबदार व्यक्ती म्हणजे तुम्ही?"

"कागदोपत्री."

"गॅसचा नंबर लावायला सांगून चार दिवस झाले," ती म्हणाली आणि कप ठेवून गेली. चहात साखर नव्हती.

त्याच रकान्याच्या दुसऱ्या भागात त्या जबाबदार व्यक्तीचा सोशल सिक्युरिटी नंबर किंवा आयटीआयएन हवा असतो. ज्याच्याकडे यांतलं काहीच नाही त्यानं तिथं 'फॉरेन' लिहायचं. हा शब्द लिहिताना माझा हात थबकला. लहानपणी आमच्याकडे 'फॉरेन' म्हणजे कोणाच्या तरी मामानं आणलेला साबण, जो वापरायचा नसतो, कपाटात ठेवून नुसता हुंगायचा असतो. पासपोर्टची मुदत संपून दोन वर्षं झालेला मी घरबसल्या फॉरेन झालो होतो.

दहाव्या रकान्यात अर्जाचं कारण. नवा धंदा सुरू केला, नोकर ठेवले, बँकेसाठी हवा, चालू धंदा विकत घेतला, ट्रस्ट स्थापन केला. यांतली एकाच चौकटीत खूण करायची. 'घरच्यांना आपण काहीतरी करतो हे दाखवण्यासाठी' अशी चौकट नव्हती, म्हणून 'नवा धंदा'वर खूण केली. पुढं धंदा सुरू झाल्याची तारीख. मी ५ ऑगस्ट लिहिली, ती त्यांच्या पद्धतीनं ८ मे झाली, कारण तिकडं महिना आधी आणि दिवस नंतर. खोडलं आणि नवा फॉर्म घेतला. घाईत तोही तसाच भरला. हाताला वळण पडलेलं असतं.

तेराव्या रकान्यानं मात्र घरात भांडण लावलं. येत्या बारा महिन्यांत जास्तीत जास्त किती कामगार असतील? शेतीवरचे किती, घरकामाचे किती, इतर किती? मी तिन्ही ठिकाणी शून्य लिहिलं. आई समोरच टाके घालत बसली होती. तिनं चष्म्यावरून पाहिलं.

"शून्य काय?"

"कामगार."

"आणि हे कोण शिवतंय मग?" असं म्हणून तिनं सुई अशी काही वर धरली की मी कागद घेऊन आतल्या खोलीत गेलो.

पहिली वाट मी फॅक्सची धरली, कारण फोनवर इंग्रजी बोलायची धास्ती वाटत होती. पण फॅक्स मशीन आहे कुठं? पहिल्या झेरॉक्सवाल्याकडे ते होतं, त्यावर त्यानं मनीप्लँट ठेवला होता. दुसऱ्यानं "फॅक्स? व्हॉट्सअॅप करा ना" असा सल्ला दिला. तिसऱ्याकडचं मशीन चालू होतं, पण चालवणारे काका सुट्टीवर होते. त्यांचा पुतण्या म्हणाला, "तुम्हीच टाका." मी कागद टाकला. मशीन किर्रर्र ओरडलं, कागद गिळला, खालून बाहेर काढला आणि एक चिठोरं छापलं: ओके. चार कामाचे दिवस झाले, सहा झाले, आठ झाले. नवव्या दिवशी काका परतले. त्यांनी ते चिठोरं पाहिलं, मशीन पाहिलं, मला पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, यात अक्षरं खाली ठेवायची असतात. तुम्ही वर ठेवलीत?"

म्हणजे अमेरिकेच्या करखात्याला मी सात समुद्रांपलीकडून एक कोरा कागद पाठवला होता. मागच्या बाजूला माझं नावही नव्हतं. होता तो चहाच्या कपाचा गोल.

आता फोन. अमेरिका म्हणजे रात्र, एवढं कोणीही सांगतं. पण सूचनांमध्ये लिहिलेलं असतं ते असं: सोमवार ते शुक्रवार, त्यांच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनं सकाळी ६ ते रात्री ११. उन्हाळ्याच्या घड्याळानं ती वेळ आपली दुपारी साडेतीन ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ होते, हिवाळ्यात एक तास पुढं सरकते. म्हणजे चोवीस तासांतले सतरा तास लाइन चालू आणि सात तास बंद. मी पहिला फोन लावला तो सोमवारी सकाळी दहाला, त्या सात तासांतला ऐन मध्यभाग नसला तरी सुरुवात गाठून. ध्वनिमुद्रित बाईंनी कार्यालय बंद असल्याचं गोड आवाजात सांगितलं. ठीक आहे, संध्याकाळी सातला लावू. संध्याकाळी सातला त्याच बाई, तोच गोडवा. तो सप्टेंबरचा पहिला सोमवार होता आणि त्या दिवशी अमेरिकेत कामगार दिनाची सुट्टी असते. ज्या शिकागोतल्या १८८६ च्या आंदोलनामुळे आपण १ मे पाळतो, ते शहर त्यांचंच. पण ते स्वतः कामगार दिन सप्टेंबरात साजरा करतात. शून्य कामगारांच्या मालकाला कामगार दिनानं अडवावं, याला काय म्हणावं!

मंगळवारी दुपारी चारला लाइन लागली. वाट पाहा, असं सांगून संगीत सुरू झालं. नंबर २६७ नं सुरू होतो, तो फिलाडेल्फियाचा कोड. परक्या राजाच्या करांना वैतागून अमेरिकेनं १७७६ साली स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला तो याच गावात, आणि त्याच गावचा नंबर फिरवून मी परका माणूस 'मला करासाठी नंबर द्या हो' म्हणत कानाला फोन लावून बसलो होतो. अशा थोर विचारांत मी गढलो असताना संगीत थांबलं, एक बाई "हॅलो" म्हणाल्या आणि माझा बॅलन्स संपला.

बुधवारी भरपूर बॅलन्स टाकून बसलो. या वेळच्या बाईंचा आवाज इतका मायाळू होता की माझं इंग्रजी आपोआप सुधारलं. त्या फॉर्ममधला एकेक रकाना विचारायच्या, मी समोरच्या कागदावरून वाचायचो. आडनावाशी गाडी अडली. माझं आडनाव 'झ'नं सुरू होतं.

"झेड," मी म्हणालो.

"सी?"

"झेड! झेड!"

"डी?"

मग आठवलं, तिकडं 'झेड' नसतं, 'झी' असतं. "झी!" मी ओरडलो. "झी टीव्हीमधला झी!" बाई क्षणभर गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "झी, अॅज इन झीब्रा?" आमच्या घराण्यात आजवर अनेक कर्तबगार पुरुष होऊन गेले, पण आडनावाची ओळख झेब्र्यावरून पटवून देणारा मी पहिलाच.

"मुख्यतः कोणता माल विकता?"

"गोधडी."

"गोडॅडी?" बाईंचा आवाज एकदम आदरयुक्त झाला. मी वेबसाइटची नावं विकणारी ती मोठी कंपनी नव्हे, हे पटवायला मला "जुन्या साड्या, आई, सुई, दोरा" एवढे शब्द पुरले. मग त्या "ओ, क्विल्ट्स!" म्हणाल्या आणि त्यांची आजी पण शिवायची, असं सांगू लागल्या. माझं लक्ष बॅलन्सकडे.

"यापूर्वी कधी या नंबरसाठी अर्ज केला होता?"

खोटं बोलायचं नाही, असं ठरवलं होतं. "एक केला होता," मी म्हणालो. "कोरा."

बाईंनी पुढं काही विचारलं नाही. सरकारी माणसात इतका समंजसपणा मी प्रथमच पाहिला.

"आता नंबर सांगते, लिहून घ्या."

पेन उमटेना. झटकलं, फुंकलं, जिभेला लावलं, तरी नाही. बाजूला आईचा खुणा करायचा खडू होता आणि पसरलेलं जुनं निळं लुगडं. नऊ आकडे मी लुगड्यावर लिहिले, बाईंना वाचून दाखवले, त्यांनी बरोबर म्हटलं, मी तीन वेळा थँक्यू म्हणालो आणि आनंदानं बायकोला सांगायला खाली धावलो. ती वाण्याकडे गेली होती. तिला गाठून, नंबर फुकट मिळाला हे दोनदा सांगून, गॅसचा नंबर लावायचा राहिलाच हे ऐकून परत येईपर्यंत अर्धा तास गेला.

वर आलो तर लुगडं नव्हतं. आईच्या मांडीवर नवी गोधडी होती, सहा पदरी, आणि एका बाजूचे टाके घालून झाले होते.

"यातलं निळं कितवं?"

"मधलं," आई म्हणाली. "का रे?"

बायकोनं पिशवी ठेवली, ब्लेड आणलं आणि एक अक्षरही न बोलता टाके उसवायला बसली. मधेच एकदा फक्त "जबाबदार व्यक्ती" एवढंच पुटपुटली. निळा पदर हाती आला. खडू थोडा पुसला होता, पण आकडे दिसत होते. घोटाळा वेगळाच होता. घाईत मी काही आकडे इंग्रजीत लिहिले होते आणि काही सवयीनं मराठीत. तिसऱ्या जागी जो होता तो इंग्रजी आठ की मराठी चार? शेवटी होता तो इंग्रजी नऊ की मराठी एक? आम्ही तिघं दिव्याखाली लुगडं धरून बसलो. आई म्हणाली चार, बायको म्हणाली आठ. मला विचारलं तर मी म्हणालो, बाईंनी वाचून दाखवायला लावलं तेव्हा मी नक्की बरोबर वाचलं होतं.

गुरुवारी पुन्हा फोन. या वेळी एक गृहस्थ होते. नाव, पत्ता, झेब्रा सगळं पडताळून त्यांनी नंबर पुन्हा सांगितला. चार होता, आणि नऊ होता. मी तो पेनानं, कागदावर, अक्षरी लिहून घेतला.

काही आठवड्यांनी टपालानं पत्र आलं. या पत्राला सीपी ५७५ म्हणतात आणि ते कायम जपून ठेवा, असं त्यातच बजावलेलं असतं. मी आईला मोठ्यानं वाचून दाखवलं.

"एम्प्लॉयर म्हणजे?" आईनं विचारलं.

"मालक."

"कोणाचा?"

मी पत्राची घडी घातली. आईनं दोरा दातानं तोडला, गाठ मारली आणि गोधडी माझ्याकडे सरकवली.

"त्या शून्याचं एक करून पाठव," ती म्हणाली. "आणि पगार त्यांच्याच पैशात घेईन."