नाण्यावरची प्रत्येक खोट म्हणजे एरर नाही हो

"मिंटची चूक असलेलं नाणं सापडलं तर लाखो रुपये मिळतील" हा मेसेज परत फिरतोय, सोबत चार फोटो. त्यातली तीन नाणी टाकसाळीतून बाहेर पडल्यावर बिघडलेली आहेत, म्हणून एकेक सांगतो.

पहिलं, मधला गोल नसलेलं दहाचं नाणं. मेसेज म्हणतो चकती घालायलाच विसरले. पण २००९ पासून चालू असलेल्या या नाण्यात रिंग आणि चकती ठसा उमटवतानाच एकमेकांत घट्ट बसतात. चकती नसताना रिंगवर ठोका पडला असता तर धातू आतल्या भोकाकडे पसरला असता, इथे आतल्या काठावर चकती बसल्याचा माग स्पष्ट दिसतोय, म्हणजे ती नंतर ठोकून काढलीय.

दुसरं काठ कापलेलं. पत्र्यातून गोल तुकडे कापताना आधीच्या भोकावर कट पडला तर असं खरंच होतं, पण मग बरोबर समोरची कडही बहुतेक वेळा पुसट येते. फोटोत समोरची कड ठणठणीत आहे आणि कापावर कानशीचे ओरखडे आहेत.

तिसऱ्यात सिंहांवरून रेघ गेलीय, "डायला तडा गेला" म्हणे, डाय म्हणजे नाण्यावर ठसा उमटवणारा साचा. अगदी असाच स्टीलचा जुना रुपया काल शेजारच्या काकू घेऊन आल्या. भिंगाखाली धरला तर रेघ खोल गेलेली आणि दोन्ही बाजूंना धातू वर सरकलेला, नांगराच्या तासासारखा. डायला तडा असेल तर धातू त्या फटीत शिरतो, म्हणून नाण्यावर रेघ उंच येते, खोल नाही. काकूंनी स्वतः नख फिरवून बघितलं, लगेच कळलं त्यांना.

चौथं मात्र खरं वाटतंय, ठसा सरकलेला, एका बाजूला कोरी चंद्रकोर आणि उरलेलं चित्र तिथपर्यंत धारदार. पण त्याचीही किंमत संग्राहक हातात घेऊन ठरवतो, मेसेज नाही.

आणि शेवटची ओळ, "रिझर्व बँक विकत घेते", ही तर साफ खोटी. बँकेने ४ ऑगस्ट २०२१ लाच सांगितलंय की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारात ती नाही आणि कुठली फी किंवा कमिशनही मागत नाही. काकूंकडे "रजिस्ट्रेशन" म्हणून पैसे मागितले होते, भरायच्या आधी त्यांनी विचारलं म्हणून वाचले.