छैौ

गल्लीतला दिवा तीन आठवडे बंद होता. "गुरुजी, अर्ज तुम्हीच लिहा," असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. रिटायर मास्तर दोनच कामांना लागतो. एक अर्ज, दुसरं मंगलाष्टकं.

अर्ज दहा ओळींचा. त्याला नोटपॅडसुद्धा जास्तच. पण उन्हाळ्यात पुण्याचा भाचा परभणीला आला होता आणि जाताना माझ्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम घालून गेला. घालताना त्यानं विचारलं, "मामा, लिहायला एडिटर कोणता टाकू? विम का इमॅक्स?"

दोन्हींचा जन्म १९७६ च्या सुमाराचा. म्हणजे विमचा बाप व्हीआय तेव्हाचा. विम स्वतः १९९१ चा. तेव्हापासून जगात यांचे दोन तट आहेत. पारावर कापूस का सोयाबीन यावरून जसं भांडण होतं तसंच, फक्त इथं पीक कुणाच्याच हाती लागत नाही. इमॅक्सला कंट्रोल धरून एक्स, मग कंट्रोल धरून सी दाबलं की बाहेर पडता येतं, असं भाचा म्हणाला. माझ्या बोटांना संधिवात. मी विम म्हटलं. तिथं चुकलो.

विम उघडलं. 'महोदय' टाईप करायला गेलो, तर अक्षर उमटेना, नुसता टुंग टुंग आवाज. भाच्याला फोन लावला.

"मामा, आधी आय दाबा. त्याशिवाय विम लिहू देत नाही."

"दाबलं."

"काय आलं?"

"टुंग."

माझा कीबोर्ड मराठी इनस्क्रिप्ट, म्हणजे इंग्रजी कळांवरच मराठी अक्षरं. त्यात आयच्या जागी 'ग' असतो. विमला 'ग' कळत नाही. म्हणजे आधी इंग्रजी करा, आय दाबा, परत मराठी करा, मग लिहा. लिहून झालं की एस्केप, परत इंग्रजी, मग कोलन डब्ल्यू क्यू, म्हणजे जतन करून बाहेर. देवघरातही एवढं सोवळंओवळं नसतं. वर त्या काळ्या खिडकीत 'विनंती'तली पहिली वेलांटी 'व'च्या उजवीकडे जाऊन बसली. चाळीस वर्षं पोरांना ज्यासाठी छड्या मारल्या, ते कॉम्प्युटर बिनदिक्कत करत होता.

बरं, एस्केप ही कळ तरी हाताशी हवी ना? ती पार कोपऱ्यात. भाचा म्हणाला, व्हीआय लिहिणाऱ्या बिल जॉयकडं एडीएम-३ए नावाचा टर्मिनल, म्हणजे पडदा आणि कीबोर्ड एकत्र, होता, त्यावर एस्केप आजच्या टॅबच्या जागी होती. बाणसुद्धा एच, जे, के, एल या कळांवरच छापलेले. म्हणून विममध्ये अजून त्यांनीही इकडंतिकडं जाता येतं. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी कॅलिफोर्नियातल्या एका माणसाच्या टेबलावर जे होतं, त्यापायी मी परभणीत करंगळी ताणत होतो.

बाहेर पडायची वेळ आली. विम नुसतं उघडलं तर पहिल्या पानावर बाहेर पडायची युक्ती लिहिलेली असते, युगांडातल्या गरीब मुलांना मदत करा असंही असतं. पण फाईलचं नाव देऊन उघडलं तर ते पानच येत नाही. मी अर्थातच नाव देऊन उघडलं होतं. कोलन दाबलं, 'छ' आला. डब्ल्यू क्यू दाबलं, 'ै' आणि 'ौ' आले. पडद्यावर दिसलं, 'छैौ'. पुन्हा दाबलं, पुन्हा 'छैौ'. एस्केप राहिलं होतं, इंग्रजीही राहिलं होतं. आतून बायको ओरडली, "अहो, कुणाला छे छे करायलात?"

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या वेबसाईटवर विममधून बाहेर कसं पडावं हा प्रश्न २०१७ पर्यंत दहा लाखांहून जास्त वेळा पाहिला गेला होता म्हणे. त्या सगळ्यांना परभणीला बोलवायला हवं होतं. जगात जर्मनी, भारतात परभणी उगीच म्हणत नाहीत. चार वाजून दहा मिनिटांनी लाईट गेली आणि मी बाहेर पडलो.

संध्याकाळी लाईट आली. फाईल उघडली तर पडदाभर इंग्रजी: अटेन्शन! विमनं गुपचूप एका स्वॅप फाईलमध्ये सगळं टिपून ठेवलं होतं. आर दाबलं, अर्ज जसाच्या तसा परत. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या काळजीनं तर माझं पेन्शनचं बाडसुद्धा कुणी जपलं नव्हतं.

तरी हिंमत झाली नाही. मजकूर उचलून साध्या एडिटरमध्ये टाकला, छापला आणि दुसऱ्या दिवशी नेऊन दिला. बाबूंनी चष्मा कपाळावर सरकवला, अर्ज शेवटपर्यंत वाचला, आवक नोंदवहीचं पान उघडलं आणि पेन उचलून विचारलं,

"गुरुजी, 'आपला विश्वासू' कळलं. हे छैौ तुमचं आडनाव का?"