रूटला बोलावून घे

लाइट बिलाचा शेवटचा दिवस. आकडा टाकला, कार्डाचा नंबर टाकला आणि ओटीपीचं पान यायच्या जागी पांढरंफटक काहीच नाही. मोबाइलवर तेच पान झक्क उघडतंय, म्हणजे खोड आमच्या कॉम्प्युटरात. बिल मोबाइलवरनं भरून टाकलं, तो विषय संपला. पण आपल्या मशीनमध्ये आपल्याला न विचारता कुणीतरी हात घातलाय हे काही पचेना.

माझ्याकडं उबंटू आहे, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सचा एक प्रकार. लिनक्समध्ये सगळ्या सिस्टीमची सेटिंगं ईटीसी नावाच्या फोल्डरात साध्या टेक्स्ट फायलींत असतात, उघडायच्या आणि वाचायच्या. त्यावर मी ईटीसीकीपर बसवलाय. जोई हेस म्हणून एकानं लिहिलेला प्रोग्रॅम आहे, तो त्या फोल्डरातल्या बदलांच्या नोंदी गिटमध्ये ठेवतो. (गिट म्हणजे फाइलीत कधी काय बदललं ह्याची वही ठेवणारा प्रोग्रॅम, लिनस टोरवाल्ड्सनं २००५ साली लिनक्सच्या कर्नलसाठी, म्हणजे गाभ्यासाठी केलेला.) नुसतं गिट कुठली फाइल कुणाच्या मालकीची हे लक्षात ठेवत नाही, ते पण हा वेगळं लिहून ठेवतो. काही इन्स्टॉल केलं की आधी नोंद, नंतर नोंद, आणि मध्येच कुणी हातानं खुडबुड केली तर दिवसातनं एकदा आपोआप नोंद. एवढी व्यवस्था असल्यावर म्हटलं, चोर जातोय कुठं.

सापडला की. होस्ट्स नावाच्या फाइलीत हजारो ओळी ओतलेल्या, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला शून्य टिंब शून्य टिंब शून्य टिंब शून्य आणि पुढं कुठल्यातरी वेबसाइटचं नाव, म्हणजे त्या दारात जायचंच नाही. जाहिराती बंद करायचा हा जुना उपाय आहे, पण त्या यादीत बिलाच्या पानाला लागणारा एक पत्ता पण भरडला गेलेला. आणि रविवारी आमच्याकडं कोण आलं होतं? दाजी. गडहिंग्लजहून. मॅच बघताना जाहिराती फार येतात म्हणून कुरकुरत होते, "यूट्यूबवर हाय की उपाय, दोन मिनिटांचं काम," असं म्हणालेलं मी जाता जाता ऐकलं होतं, कारण मी त्यांच्यासाठीच मटण आणायला चाललो होतो. पासवर्ड आमच्या पोरीनं दिला. पाहुण्याला नाही म्हणायचं नसतं, हे आम्हीच शिकवलंय तिला.

आता एवढ्यावर गप्प बसायचं की नाही? पण नेमके शेजारचे काका पेपर न्यायला आले. काका पतसंस्थेतनं रिटायर झालेत, आख्खा जन्म खतावणीत गेला. मी घरात सगळ्यांना पुरावा दाखवत होतो, त्यात 'नोंद' एवढा एकच शब्द त्यांच्या कानावर पडला आणि खिशातनं चष्मा निघाला, खुर्ची ओढली गेली, "च्या टाका गं," झालं.

"व्हाउचर कुठाय?"

"काका, ह्यात व्हाउचर नसतंय. हे बघा, जुनी ओळ तांबडी, नवी हिरवी."

"तांबडी शाई कुणी वापरली? ती ऑडिटरची असती."

"कॉम्प्युटर वापरतो."

"बरं. मंजुरी कुणाची? नोंद करणाऱ्याचं नाव काय लिवलंय?"

"रूट."

"ह्यो रूट कोण गा? हितलाच हाय?"

"कोण नाही काका. रूट म्हणजे कॉम्प्युटरचा मालक."

"मालक तू न्हवंस?"

"मीच, पण..."

"म्हंजे मालकानंच केलं. मग तक्रार कुणाची?"

त्यांना समजावलं, आपोआप नोंद होते ती रूटच्याच नावानं होते, बदल कुणी का करेना. काकांनी चष्मा काढला, पुसला. "आपोआप नोंद? आमच्यात असं बोलला असतास तर संध्याकाळपर्यंत सस्पेंड." मग बोट स्क्रीनला टेकवून तारीख वाचली. "सोमवार, सकाळ. आणि तुझे दाजी गेले रविवारी रात्री. संकेश्वरच्या गाडीत मी बसवून दिलोय त्यांना."

"बदल रविवारी केला काका, नोंद सोमवारी पडली."

"म्हंजे एंट्री दुसऱ्या दिवशी? बघा की!" हे 'बघा की' आमच्या आईला.

मी पण इरेला पेटलो. सुडो वापरून, म्हणजे पासवर्ड टाकून रूटचे अधिकार घेऊन, कुणी काही केलं की वेळ आणि नाव वेगळ्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत पडतं, ते उघडलं. रविवार संध्याकाळ, मॅचचीच वेळ, शंभर टक्के. नाव? माझं. लॉगिन माझं, मग नाव कुणाचं येणार?

"सही तुझीच हाय," काका.

"मी तेव्हा मटण आणायला गेलो होतो!"

"पावती?"

मटणाच्या दुकानात पावती मागणारा माणूस अख्ख्या बेळगावात कुणी बघितला असेल तर मला सांगा. फाइलीवरची वेळ दाखवायला गेलो तर ती आजची, कारण बिघडलेली फाइल काढून जुनी आणली होती. "पुराव्याला हात लावलास," म्हणून काकांनी बिस्कीट बुडवलं.

तसं बदलाची नोंद ठेवण्याच्या बाबतीत आमच्या गावानं कुणाला शिकवू नये. २०१४ च्या १ नोव्हेंबरला कर्नाटकातल्या बारा शहरांची नावं बदलली, त्यात आमचं पण. आजतागायत माझ्या एका कागदावर बेळगाव, दुसऱ्यावर बेळगावी, आणि ऑनलाइन फॉर्म म्हणतो पत्ता जुळत नाही. आता तिथं जुनी ओळ तांबडी नि नवी हिरवी करून कोण दाखवणार? आणि दाखवलीच तर त्यावरनं मोर्चा निघणार.

खरा राग दाजींचा नाहीच म्हणा. (आहे, पण असो.) राग ह्याचा, की पैसे आपले, मशीन आपलं, आणि राखण पण आपणच करायची. मोबाइलचं अपडेट येतं, खाली लिहिलेलं असतं 'काही सुधारणा केल्या आहेत'. कुठल्या? त्या आम्हाला मागे वळवता येतात का? त्यापेक्षा उबंटूचं अपडेट बरं, तुम्ही बदललेली एखादी फाइल असली तर विचारतं तरी, तुमची ठेवू का आमची घालू, आणि नुसतं एंटर मारलं तर तुमचीच ठेवतं. एवढी रीत प्रोग्रॅमला कळते. पण डेस्कटॉपची स्वतःची सेटिंगं ईटीसीत नसतातच, ती घरच्या फोल्डरात, डीकॉन्फ नावाच्या सेटिंगांच्या कोठारात, बायनरी फाइलीत, उघडली तर किडेमुंग्या. तिथं कुणी वॉलपेपर बदलला की फाँट, ईटीसीकीपरला पत्ता नाही.

म्हणून म्हटलं दाजींसाठी वेगळं खातं काढतो, पाहुणा नावाचं, सुडोशिवाय. आई स्वयंपाकघरातनं कडाडली, "जावयाला वेगळं खातं? उद्या पंगत पण वेगळी बसवशील!"

काकांनी मान डोलावली. "खातं काढायचं तर आधी त्यांचा अर्ज पायजे. दोन फोटो."

रात्री दाजींचाच फोन. पोरीनं त्यांना कळवलं होतं की जाहिराती परत दिसायला लागल्यात. "काय गा," म्हणाले, "माझ्या सेटिंगला कुणीतरी हात लावलेला दिसतोय. कोण काय बदलतंय लिहून ठेवत जा जरा."