पहिल्या टर्मचा सिनेटर पडणार की टिकणार, हे कशावरून ओळखायचं?

अमेरिकेत सिनेटच्या निवडणुका आल्या की पहिल्या टर्मच्या सिनेटरांना सरसकट 'धोक्यात' धरलं जातं. २०२४ मध्ये पडले कोण? बॉब केसी, शेरॉड ब्राउन आणि जॉन टेस्टर. तिघेही डेमोक्रॅट, तिघांच्याही तीन-तीन टर्म झालेल्या. आणि पहिल्याच टर्मच्या डेमोक्रॅट जॅकी रोझन नेवाडात निवडून आल्या, तेही रिपब्लिकन ट्रम्पने राज्य जिंकलेलं असताना. नुसत्या टर्म मोजून काही हाती लागत नाही. माणूस पहिल्यांदा कुठल्या वर्षी, कुणाविरुद्ध आणि कसा निवडून आला, ते आधी बघा.

सिनेटरची मुदत ६ वर्षं, दर २ वर्षांनी एक तृतीयांश जागा रिकाम्या. आपल्या राज्यसभेसारखंच, पण राज्यसभेला आमदार मत देतात आणि सिनेटरला १९१३ पासून थेट जनता. अध्यक्षाची निवडणूक मात्र दर ४ वर्षांनी. म्हणून अध्यक्षाच्या वर्षी निवडून आलेला सिनेटर पुढच्या खेपेला मध्यावधीत उभा राहतो (सरकार पडल्यावर होते ती आपली मध्यावधी नव्हे; तिथे ती ठरलेल्या तारखेलाच होते), आणि मध्यावधीत आलेला अध्यक्षाच्या वर्षी. मध्यावधीत मतदान कमी होतं, मतदानाला येणारा माणूसही बदलतो. २००८ च्या ओबामा लाटेत आलेले के हेगन, मार्क युडॉल, मार्क बेगिच हे तिघेही २०१४ ला पडले. २०१० च्या रिपब्लिकन लाटेतले मार्क कर्क आणि केली एयॉट २०१६ ला गेले. एयॉटबाई तर अवघ्या १,०१७ मतांनी.

पण त्याच २००८ चे अल फ्रँकन बघा. मिनेसोटात फेरमोजणीनंतर ३१२ मतांनी आलेले. २०१४ ला मात्र जवळजवळ १० टक्क्यांनी जिंकले. त्यामुळे मागचं मताधिक्य एकटं बघून उपयोग नाही. त्याच राज्यात अध्यक्षपदाचा निकाल काय लागला तो शेजारी ठेवायचा आणि वजाबाकी करायची. डेमोक्रॅट बेगिच आले तेव्हा अलास्का ओबामांविरुद्धचे रिपब्लिकन उमेदवार मॅकेन यांनी २० हून जास्त टक्क्यांनी जिंकलं होतं. समोरच्या टेड स्टीव्हन्स यांना मतदानाच्या ८ दिवस आधी भ्रष्टाचाराच्या खटल्यात दोषी ठरवलं गेलं (निकाल २००९ मध्ये रद्द झाला), तरी बेगिच जेमतेम ४ हजार मतांनी आले. असा विजय उसना असतो. इंडियानात २०१२ ला जो डॉनेली यांचंही तेच. समोरच्या रिचर्ड मर्डॉक यांनी रिपब्लिकन प्रायमरीत (उमेदवार ठरवायची पक्षांतर्गत निवडणूक) दिग्गज रिचर्ड लुगर यांना पाडलं आणि मग बलात्कारातून राहिलेल्या गर्भाबद्दल नको ते बोलून हातची जागा घालवली. २०१८ ला रिपब्लिकनांनी तोंड सांभाळणारा उमेदवार दिला आणि डॉनेली गेले.

२०१८ चं वर्ष खरं तर डेमोक्रॅटांचं. हाउसमध्ये (तिथल्या लोकसभेत) त्यांना ४० जागांचा फायदा झाला. तरी डॉनेली पडले, नॉर्थ डकोटात हायडी हाइटकॅम्पही पडल्या. हाइटकॅम्प यांचा आकडा मला फार बोलका वाटतो. २०१६ ला ट्रम्पने ते राज्य साधारण ३६ टक्क्यांनी जिंकलं होतं, त्या हरल्या साधारण ११ नी. पक्षापेक्षा २५ टक्के पुढे धावूनही घरी. लाट बाजूने असली तरी राज्यच विरोधात असेल तर ती पुरत नाही, आणि विश्लेषक नेमकं हेच उलटं करतात: आधी हवा बघतात, मग राज्य.

पूर्वी लोक अध्यक्षाला एका पक्षाचं आणि सिनेटला दुसऱ्याचं मत सर्रास देत. २०१६ ला सिनेटची निवडणूक असलेल्या एकाही राज्यात तसा निकाल लागला नाही. २०२० ला फक्त मेनमध्ये. २०२४ ला ॲरिझोना, मिशिगन, नेवाडा, विस्कॉन्सिन अशी चार राज्यं निघाली, पण चारही काठावरची. माझा ढोबळ अंदाज: राज्यात अध्यक्षपदाच्या निकालातला फरक ५ टक्क्यांच्या आत असेल तर सिनेटरचं स्वतःचं काम, पैसा, समोरचा उमेदवार यांना किंमत. १० च्या पुढे गेलं की सगळं फोल.

पैशाचा आकडा बघताना जमा किती यापेक्षा शिल्लक किती ते बघा. समोरचा प्रायमरीत रिकामा होऊन येणार असेल तर ती शिल्लक दुप्पट कामाची. सर्व्हेत आघाडीपेक्षा सिनेटरचा स्वतःचा टक्का वाचा. सगळे ज्याला ओळखतात तो ४४ वर अडकला असेल तर आघाडी पोकळ.

राज्याचे नियम तर कुणी बघतच नाही. नेवाडात मतपत्रिकेवर 'यापैकी कोणीही नाही' असतं, आपल्या नोटासारखं. २०२२ ला कॅथरीन कोर्टेझ मॅस्टो ७,९२८ मतांनी वाचल्या, आणि 'कोणीही नाही'ला साधारण १२ हजार मतं पडली. जॉर्जियात ५० टक्के ओलांडावे लागतात, नाहीतर पुन्हा मतदान. २०२० च्या नोव्हेंबरात पहिल्या टर्मचे डेव्हिड पर्ड्यू पहिल्या क्रमांकावर होते, ४९.७ टक्के. लिबर्टेरियन या छोट्या तिसऱ्या पक्षाच्या उमेदवाराने २ टक्क्यांवर मतं खाल्ली, आणि जानेवारीत जॉन ओसॉफ यांनी त्यांना पाडलं. आता २०२६ ला तेच डेमोक्रॅट ओसॉफ पहिल्या टर्मचे. ट्रम्पने २०२४ ला जॉर्जिया साधारण २ टक्क्यांनी जिंकलं, म्हणजे राज्य ५ च्या आत. मध्यावधी आहे आणि अध्यक्ष समोरच्या पक्षाचा. राज्याचे रिपब्लिकन गव्हर्नर ब्रायन केम्प यांनी ओसॉफ यांच्याविरुद्ध न लढायचं ठरवलं, तोही फायदाच. ओसॉफ यांच्या मतपत्रिकेवर तिसरं नाव कुणाचं, ते मी आधी बघेन.