कोरियातला अंधांचा मसाज-परवाना: मेसेजमधलं खरं किती?

‘दक्षिण कोरियात मसाजचा परवाना फक्त आंधळ्यांनाच मिळतो. डोळस माणसाने मसाज केला तर थेट तुरुंग. तिथल्या कोर्टाने हा प्रकार रद्द केला होता, पण सरकारने मतांसाठी तो परत आणला. आरक्षण शेवटी इथेच पोचतं.’ अशा आशयाचा मजकूर सतत पुढे ढकलला जातो. त्यातलं पहिलं वाक्य खरं आहे. पण त्याच्या आधारावर पुढे जे रचलं आहे ते बरंचसं चुकीचं आहे, आणि ज्यांची चूल या परवान्यावर पेटते त्यांना त्यात विनाकारण कमी लेखलं आहे. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आंधळेपणा हीच पात्रता, असा सूर या मेसेजमध्ये आहे. कोरियाच्या वैद्यकीय कायद्याचं कलम 82 तसं म्हणत नाही. दृष्टिबाधित असणं ही पहिली अट आहे. त्यानंतर एकतर अंधांच्या विशेष शाळेत उच्च माध्यमिक पातळीवरचा या विषयाचा अभ्यासक्रम पुरा करावा लागतो, नाहीतर मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रात दोन वर्षं शिकावं लागतं. शरीररचना, शरीरक्रिया हे विषय त्यात येतात. मग प्रांताचं किंवा महानगराचं प्रशासन परवाना देतं. आपल्याकडे कितीतरी स्पामध्ये जेमतेम काही आठवड्यांच्या शिकवणीवर माणसं कामाला लागतात. तेव्हा न शिकलेल्या हाताची भीती कोरियातल्या अंधांच्या संदर्भात घालणं मला अन्यायाचं वाटतं.

आता कोर्टाचं. इथे मेसेज अर्धंच सांगतो. 25 मे 2006 रोजी तिथल्या घटना न्यायालयाने डोळसांवरची बंदी घटनाबाह्य ठरवली, हे खरं. पण तेव्हा ती बंदी संसदेच्या कायद्यात नव्हती, मंत्रालयाच्या नियमात होती. कायद्यात नसलेली बंदी नियमातून घातली, आणि डोळसांच्या व्यवसायस्वातंत्र्यावर ती प्रमाणाबाहेर घाला घालते, असे दोन्ही आक्षेप निकालात होते. निकालानंतर अंध मसाजकार रस्त्यावर उतरले. सोलमध्ये काहींनी मापो पुलावरून हान नदीत उड्या टाकल्या. त्याच वर्षी संसदेने ही अट थेट कायद्यात घातली. तिलाही आव्हान दिलं गेलं, आणि 30 ऑक्टोबर 2008 रोजी त्याच न्यायालयाने ती सहा विरुद्ध तीन मतांनी वैध ठरवली. 2013 मध्येही ती टिकली. मेसेज 2006 वर थांबतो आणि पुढचे निकाल गाळतो. मतांचं म्हणाल, तर सुमारे पाच कोटींच्या देशात नोंदणीकृत दृष्टिबाधित अडीच लाखांच्या आसपास आहेत. एवढ्या मतांवर निवडणुका फिरत नाहीत.

2008 च्या निकालामागचं तर्कशास्त्र समजून घ्यायला हवं. न्यायालयापुढे राज्यघटनेची दोन कलमं समोरासमोर होती: कलम 15 मधलं व्यवसायस्वातंत्र्य, आणि अपंग नागरिकांच्या संरक्षणाची जबाबदारी राज्यावर टाकणारं कलम 34. बहुमताचं म्हणणं असं की दृष्टिबाधितांना प्रत्यक्षात निवडता येईल असा हा जवळजवळ एकमेव व्यवसाय आहे, आणि डोळसांना बाकी सगळं क्षेत्र मोकळं आहे. डोळस माणसाला शरीरोपचारातच काम करायचं असेल तर फिजिओथेरपिस्टचा वेगळा परवाना आहेच. तिघा न्यायमूर्तींना हे पटलं नाही. त्यांच्या बाजूचा सल मलाही जाणवतो. स्पोर्ट्‌स मसाज, थाई मसाज अशा पाट्यांखाली तिथे असंख्य डोळस माणसं काम करतात आणि कायम कायद्याच्या धाकाखाली राहतात. कमाल शिक्षा तीन वर्षं कैद किंवा तीन कोटी वॉन दंड आहे. हे दुःख खरं आहे, म्हणून ‘थेट तुरुंग’ ही अतिशयोक्ती असली तरी तो मुद्दा मी झटकून टाकत नाही.

ही कोरियन सरकारची अलीकडची टूम आहे, असंही सुचवलं जातं. या परंपरेची मुळं जपानमध्ये आहेत. तिथे सतराव्या शतकात सुगियामा वाइची या अंध वैद्याने अंधांसाठी सुया टोचून उपचार करण्याचं आणि मालिशचं शिक्षण उभं केलं. जपानी राजवटीत 1913 मध्ये सोलमध्ये अंधांना हेच शिकवायला सुरुवात झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी लष्करी प्रशासनाने ती व्यवस्था मोडली आणि 1973 मध्ये ती परत आली. खुद्द जपानमध्ये आज डोळसही मसाजकार होऊ शकतात, तीन वर्षं शिकून आणि राष्ट्रीय परीक्षा देऊन. मात्र अंधांच्या रोजगारासाठी डोळसांच्या नव्या अभ्यासक्रमांना सरकार परवानगी नाकारू शकतं. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये ही तरतूदही वैध ठरवली.

राहिला आरक्षणाचा मुद्दा. आपल्या 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सरकारी पदांपैकी किमान 4 टक्के जागा राखीव आहेत, त्यातला 1 टक्का अंध आणि अल्पदृष्टी व्यक्तींसाठी. उरलेल्या 96 टक्के जागांपासून त्यामुळे कुणी वंचित होत नाही. एक अख्खा व्यवसाय एका गटाकडे सोपवणं ही अगदी वेगळी रचना आहे. एकीच्या दोषांवरून दुसरीला दोषी ठरवता येत नाही.

कोरियाचा कायदा जावा असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी तैवान पाहावं. तिथेही मसाज दृष्टिबाधितांसाठीच राखीव होता. कोरियाच्या निकालाच्या दुसऱ्याच दिवशी, 31 ऑक्टोबर 2008 रोजी, तैवानच्या न्यायमूर्तींनी ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. पण ती लगेच पुसली नाही. तीन वर्षांपर्यंतची मुदत दिली, आणि दृष्टिबाधितांना जमतील अशा इतर कामांचं प्रशिक्षण द्या, त्यांच्यासाठी योग्य नोकऱ्या राखून ठेवा, मसाज व्यवसायाचं नीट नियमन करा, असं सरकारला बजावलं. फिरणाऱ्या मेसेजमध्ये यातलं एकही कलम नाही.