पोपटपंचीला ऐकणं म्हणत नाहीत

'दारुड्याशी बोलण्याच्या पाच युक्त्या' हा फॉरवर्ड लालबागमधल्या शेजारच्या काकूंनी मुलावर वापरायला घेतलाय, म्हणून लिहिणं भाग आहे. वर 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंगचं तंत्र' (म्हणजे बदलायची कारणं माणसाच्याच तोंडून बाहेर यावीत अशी समुपदेशनाची पद्धत) असंही ठोकून दिलंय.

पहिली युक्ती : 'आधी खडसावून कबूल करायला लावा, मग ऐका.' बरोबर उलटं! हे तंत्र मांडणारे विल्यम मिलर यांनीच सहकाऱ्यांबरोबर १९९३ साली ४२ जणांवरचा अभ्यास छापला. समुपदेशक जितका अंगावर गेला, तितकं त्या माणसाचं पिणं वर्षभरानंतरही जास्त आढळलं. अभ्यास छोटा, पण कारण घरोघरी दिसतं. खडसावलं की माणूस बचाव करतो आणि बोलताबोलता पिण्याची कारणं स्वतःलाच पटवत जातो. 'का सोडत नाहीस?' विचारलंत तरी न सोडण्याचीच यादी ऐकायला मिळणार. 'सोडावीशी कधी वाटते?' असं विचारा.

दुसरी : 'त्याचं वाक्य जसंच्या तसं परत म्हणा.' हे अर्धं खरं, सुरुवात तिथूनच होते. पण तिथेच अडकलात तर 'चेष्टा करतेस काय?' ऐकून घ्याल. समजा तो म्हणाला, 'विरार गाडीत लोंबकळून येतो, दोन पेग लागतातच. पोरगी जवळ येत नाही हल्ली, वास येतो म्हणते.' यावर 'दोन पेग लागतातच' ही पोपटपंची. 'लेकीचं लांब राहणं जिव्हारी लागतंय' हे ऐकणं. आपण जे उचलू त्यावर तो पुढे बोलतो. पेग उचलायचा की पोरगी, ते ठरवा. आवाज शेवटी खाली उतरू द्या. 'ना?', 'का?' चिकटवलं की उलटतपासणी झाली. अंदाज चुकला तरी बिघडत नाही, 'तसं नाही गं' म्हणत तो स्वतःच सांगतो.

तिसरी, 'मला सगळं कळतं म्हणा.' नका म्हणू. त्याचं बोलणं तिथेच खुंटतं.

चौथी, 'प्रश्न विचारत राहा.' नुसते प्रश्न नकोत, एका प्रश्नामागे त्याचं ऐकलेलं आपल्या शब्दांत दोनदा मांडायचं. नवख्याला एकास एक जमलं तरी खूप. आधी मैत्रिणीशी दहा मिनिटं सराव करा, तिला विचारून फोनवर रेकॉर्ड करा आणि आपली वाक्यं मोजा : प्रश्न किती, सल्ले किती, ऐकलेलं किती. पहिल्यांदा बहुतेक सल्लेच निघतात.

पाचवी : 'आजच्या आज बंद करायला लावा.' रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रमही होतो, जीवही जाऊ शकतो. हात थरथरतायत, घाम फुटलाय, तर कसलं तंत्र घेऊन बसलात? केईएम रुग्णालय जवळ आहे, आधी त्याला तिथे न्या.