‘दातांचे सगळे विम्यात बसते’ या मेसेजचे दात मोजू या

लग्नसराई जवळ आली की गावातल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा गाभा असा: आरोग्य विमा किंवा आयुष्मान कार्ड असेल तर दात पांढरे करणे, तारा लावून सरळ करणे, कॅप, इम्प्लांट (जबड्याच्या हाडात रोवलेला कृत्रिम दात) सगळे फुकट होते. फ्लोराइडच्या पाण्याने डागाळलेले दात तर ‘रोग’च, त्यामुळे कंपनीला पैसे द्यावेच लागतात. डॉक्टरकडून ‘वैद्यकीय गरज’ एवढे दोन शब्द लिहून घ्या. आणि यातले काहीच नसेल तर 999 रुपयांचे ‘डेंटल कार्ड’ काढा, वर्षभर घरातल्या कोणाच्याच दातांची चिंता नको.

यावर गटातला एखादा जाणता उत्तर टाकतो, ‘कॉस्मेटिक मिळत नाही, बाकी सगळे मिळते.’ हे उत्तर मेसेजपेक्षा बरे आहे, पण तेही चूकच. म्हणून दोन्हींचा हिशेब एकदम करू.

‘आरोग्य विमा आहे, म्हणजे दातही आले’

नाही आले. साधा आरोग्य विमा म्हणजे दवाखान्यात भरती होण्याचा विमा. किमान 24 तास भरती पाहिजे, नाहीतर डे-केअर पाहिजे. डे-केअर म्हणजे भूल देऊन केलेला असा उपचार, ज्याला पूर्वी भरती लागायची आणि आता नव्या तंत्रामुळे काही तासांत घरी सोडतात. जे काम एरवीही ओपीडीतच होते ते डे-केअरमध्ये धरत नाहीत. दात काढणे, सिमेंट भरणे, रूट कॅनल, कॅप, कवळी ही सगळी खुर्चीवरची कामे आहेत. दाव्याची फाइल इथेच अडते. उपचार देखणेपणासाठी होता का, हा प्रश्न निघण्याआधीच.

दुसरी अडचण ‘रुग्णालय’ या शब्दाची. पॉलिसीच्या व्याख्येत 10 लाखांपेक्षा कमी वस्तीच्या ठिकाणी किमान 10 खाटा, चोवीस तास नर्स, सुसज्ज ऑपरेशन थिएटर आणि रुग्णांच्या रोजच्या नोंदी लागतात. तालुक्याच्या मेन रोडवर, मेडिकलच्या वरच्या मजल्यावर एक खुर्ची, जिन्याखाली घुरघुरणारा कॉम्प्रेसर आणि बाहेर चार प्लास्टिकच्या खुर्च्या, असा दवाखाना त्यात बसत नाही. तिथला डॉक्टर कितीही हुशार असो.

आता फरक बघा. दाढेत पू झाला, गाल सुजला, रूट कॅनल केले, बिल लावले: बहुतेक साध्या पॉलिसींत नामंजूर. यात देखणेपणाचा लवलेशही नव्हता. तीच सूज जबड्याखाली मानेत उतरली, तोंड उघडेना, गिळता येईना, भरती करून सलाइनमधून अँटिबायोटिक दिले, चीर देऊन पू काढला: तर हा रीतसर भरतीचा दावा होतो. दात तोच, पूही तोच. फरक फक्त खाटेचा.

एजंट इथे ‘आरोग्य संजीवनी’चे वाक्य दाखवतात. 1 एप्रिल 2020 पासून आलेल्या या प्रमाणित पॉलिसीत ‘आजार किंवा इजेमुळे आवश्यक झालेले दंतोपचार’ असे शब्द खरोखर आहेत. पण ते भरतीच्या खर्चाच्या यादीत आहेत. वरचे शीर्षक अंगठ्याखाली झाकून खालची ओळ वाचून दाखवली की काहीही सिद्ध करता येते. शिवाय त्या पॉलिसीत मंजूर रकमेतले 5 टक्के तुम्हालाच भरावे लागतात, हे त्यावेळी कोणी सांगत नाही.

‘पांढरे दात, सरळ दात, इम्प्लांट सगळे मिळते’

वगळलेल्या गोष्टींची भाषा विमा नियामक आयआरडीएआयने सगळ्या कंपन्यांसाठी एकसारखी केली आहे. तुमच्या पॉलिसीत ‘एक्सक्ल्यूजन कोड 08’ शोधा. रूप बदलण्यासाठी केलेली कॉस्मेटिक किंवा प्लास्टिक सर्जरी आणि तसा कुठलाही उपचार वगळलेला आहे. अपवाद म्हणजे अपघात, भाजणे किंवा कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना, आणि तब्येतीला थेट व तातडीचा धोका दूर करण्यासाठी गरजेचा असलेला उपचार. या गरजेला उपचार करणाऱ्या डॉक्टरचा दाखला लागतो.

हे दातांवर लावून पाहा. ब्लीचिंग, व्हिनिअर (दातावर चिकटवायचा पातळ पापुद्रा), दोन दातांमधली फट बुजवणे, मोठ्यांच्या तारा, अलायनर (दात सरळ करणारे पारदर्शक साचे) हे सगळे बाहेर. दात साफ करणे, म्हणजे स्केलिंग, हे देखणेपणाचे काम नाही; त्यात हिरडीला चिकटलेले कीटण काढतात आणि हिरडीचा आजार आवरतात. पण ते ओपीडीत होते, म्हणून तेही बाहेर. खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खाऊन काळे झालेले दात स्केलिंगने बरेच उजळतात आणि लोक त्यालाच ‘दात पांढरे केले’ म्हणतात. बिलावरही कधी कधी तसेच लिहून येते. मग दातांसाठी वेगळा ओपीडी लाभ असलेल्या पॉलिसीतसुद्धा तो दावा कॉस्मेटिक म्हणून उडतो. बिलावर कामाचे खरे नाव येऊ द्या.

उलट बाजूही आहे. खर्रा खाऊन जबड्याचा कॅन्सर झाला, जबड्याचा भाग काढावा लागला आणि नंतर तो प्लेट व हाड लावून उभा केला, तर ती कॅन्सरनंतरची पुनर्रचना आहे. चेहरा सुधारतो म्हणून ती कॉस्मेटिक ठरत नाही. कोणी तसे म्हटले तर हाच कोड 08 त्याच्यापुढे ठेवायचा.

अपघातात मात्र एक बारकावा भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. समजा बैलाने शिंग हाणले आणि कास्तकाराचे समोरचे दोन दात गेले, जबडाही मोडला. भरती, प्लेट, टाके हे मिळेल. इम्प्लांटचे काय? बऱ्याच पॉलिसी इम्प्लांट आणि कवळी नाव घेऊनच वगळतात. जिथे वगळलेले नसते तिथे तारीख आडवी येते. दात गेलेल्या जागी हाड भरून यायला आणि इम्प्लांट हाडात धरायला सहसा काही महिने जातात. ‘आरोग्य संजीवनी’त भरतीनंतरचा खर्च 60 दिवसांपर्यंतच धरतात. हाड तयार होईपर्यंत पॉलिसीची खिडकी बंद झालेली असते. इजा झालेल्या शेजारच्या दातांचे रूट कॅनल करायचे असेल तर तेवढे 60 दिवसांत उरकता येते. तेच आधी करून घ्या.

(जाता जाता: मोठ्या माणसाचा दात मुळासकट निखळला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला. मूळ घासू नका. कपभर थंड दुधात टाकून तासाभराच्या आत, जमल्यास अर्ध्या तासात, दंतवैद्याकडे पोचा. दात पुन्हा बसू शकतो आणि इम्प्लांटचा विषयच निघत नाही.)

बँक खात्यातून वर्षाला 20 रुपये कापून मिळणारा प्रधानमंत्री सुरक्षा विमा दातांना लागू नाही. तो मृत्यू आणि डोळे, हात, पाय यांच्या कायमच्या अपंगत्वासाठी आहे.

‘फ्लोराइडने पिवळे पडलेले दात म्हणजे रोग, कंपनी देणारच’

हा दावा यवतमाळ, चंद्रपूरच्या बोअरच्या पाण्याच्या गावांत जोरात चालतो, आणि त्यात रागाला जागा आहे. पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत, असे भारतीय मानक सांगते. त्याहून जास्त असलेले पाणी लहानपणी पोटात गेले की बनत असलेल्या दाताचे एनॅमल बिघडते. आधी खडूसारखे पांढरे पट्टे दिसतात, मग तपकिरी डाग, जास्त झाले तर खड्डे. समोरच्या दातांचे हे नुकसान साधारण आठव्या वर्षापर्यंत होऊन गेलेले असते.

रोग आहे, हे मान्य. पण पॉलिसी रोगाचे नाव विचारत नाही. ती उपचार कशासाठी आणि कुठे केला हे विचारते. डाग घासून काढणे, व्हिनिअर, कॅप हे खुर्चीवरचे काम, आणि डाग झाकणे म्हणजे रूप बदलणे. दोन्ही दारे बंद. खड्ड्यांत कीड शिरून दाढ गेली तर ‘रूप’ हा मुद्दा गळतो, पण ओपीडीची अट तशीच उभी राहते.

ब्लीचिंगबद्दल एक इशारा. फ्लोरोसिसच्या, म्हणजे फ्लोराइडने डागाळलेल्या, दातांवर ते केले की आजूबाजूचा दात उजळतो आणि पांढरे पट्टे सुरुवातीला आणखी उठून दिसतात. लग्नाच्या आठवड्यात करून घेणाऱ्यांची फजिती इथेच होते. आणि ते खिशातले पैसे गेलेले असतात, विम्याचे नव्हे.

‘आयुष्मान कार्डावर दात फुकट’

आयुष्मान भारत (सप्टेंबर 2018 पासून) आणि राज्याची महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना या दोन्हींचे आता कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचे छत्र आहे. फुले योजना आधी राजीव गांधी जीवनदायी नावाने 2012 मध्ये ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत अमरावती आणि गडचिरोली होते, म्हणून इकडे विदर्भात लोकांना ती जुनी ओळखीची आहे. दोन्ही पॅकेजवर, म्हणजे ठरलेल्या उपचारांच्या यादीवर चालतात. यादीत पॅकेज असेल आणि रुग्णालय त्या विभागासाठी अंगीकृत (योजनेत सामील) असेल तरच काम होते. ओपीडी आणि कॉस्मेटिक उपचार आयुष्मानमध्ये स्पष्ट वगळलेले आहेत.

पण तोंड आणि जबड्याच्या शस्त्रक्रियांची पॅकेजे आहेत: जबड्याचे फ्रॅक्चर, जबड्यातल्या गाठी, आखडलेला जबड्याचा सांधा. खर्रा खाणाऱ्यांनी लक्ष द्यावे असे एक काम त्यात आहे. तोंड आवळत जाते, गालाच्या आत दोऱ्यांसारखे पट्टे हाताला लागतात, तीन बोटे उभी आत जात नाहीत. अशा सबम्युकस फायब्रोसिसमध्ये पट्टे सोडवून कातडी लावण्याची शस्त्रक्रिया आयुष्मानच्या यादीत आहे. दातांच्या चकाकीसाठी कार्ड नाचवणारे या ओळीपर्यंत पोचतच नाहीत.

फाटलेला ओठ किंवा टाळू घेऊन जन्मलेल्या बाळाचे ऑपरेशन ‘दिसण्याचे’ समजून आईबाप मागे राहतात. ते कॉस्मेटिक नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडी आणि शाळेत तपासणी होते, त्यातून हे उपचार मोफत होतात. अंगणवाडीताईंना सांगा.

सत्तरीवरच्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळते, मिळकतीची अट नाही. त्यावर कवळी मात्र होत नाही. तिच्यासाठी दुसरे दार आहे: केंद्राच्या राष्ट्रीय वयोश्री योजनेत साठीवरच्या गरीब ज्येष्ठांना जे साहित्य मिळते त्यात कृत्रिम दंतपंक्ती आहे. ती शिबिरांतून मिळते. शिबिर कधी आहे हे जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारा.

पॅकेज आहे की नाही हे मेसेजवरून ठरवू नका. अंगीकृत रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, नाहीतर 155388 किंवा 14555 वर फोन करा.

‘दोन शब्द लिहून घ्या’

हा सल्ला सगळ्यात घातक. कंपनीचा डॉक्टर शब्द वाचत नाही, एक्स-रे बघतो. ताजा मोडलेला दात आणि घासून व्हिनिअरसाठी तयार केलेला दात एक्स-रेत वेगळे दिसतात. अपघात म्हटला की इजेच्या दिवसाचा केस पेपर, रस्त्यावरचा असेल तर एमएलसी (पोलिसांना कळवायच्या इजेची रुग्णालयातली नोंद) मागतात. कागदावरची इजा मंगळवारची आणि व्हिनिअरचा अ‍ॅडव्हान्स आधीच्या शुक्रवारचा निघाला, तर गोष्ट एका दाव्यावर थांबत नाही. फसवणूक म्हणून पॉलिसीच रद्द होऊ शकते, आणि उद्या आईच्या बायपासला तीच पॉलिसी हवी असते.

खरी इजा असेल तर त्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात दाखवा. किती वाजता, कशाने, कोणते दात, हे केस पेपरवर येऊ द्या. घरी हळद लावून चार दिवसांनी गेलात की खरी इजाही संशयास्पद दिसते. तातडीची भरती 24 तासांच्या आत आणि ठरवून केलेली 48 तास आधी कंपनीला कळवायची, अशी अट सहसा असते. आधीचा आणि नंतरचा एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, कामानुसार वेगळे केलेले बिल जपून ठेवा.

‘999 चे डेंटल कार्ड’

बहुतेक वेळा हा विमा नसतोच. ते सवलतीचे कार्ड असते: ठरावीक दवाखान्यांत बिलावर काही टक्के कमी. दवाखाना नागपुरात आणि तुम्ही अहेरीत असाल तर सवलत एसटीतच संपते. ओळखायचे कसे? विमा असेल तर कागदावर कंपनीचा आयआरडीएआय नोंदणी क्रमांक आणि त्या योजनेचा यूआयएन, म्हणजे ओळख क्रमांक असतो. दोन्ही नसतील तर तो विमा नाही.

दातांचा ओपीडी लाभ असलेल्या खऱ्या पॉलिसीही मिळतात. काही कंपन्यांच्या कामगारांच्या सामूहिक विम्यातही तो असतो. तिथे आकडे मांडूनच बघा. समजा या लाभासाठी जादा हप्ता 2,500 रुपये, वर्षाची मर्यादा 5,000 आणि ती सगळ्या कुटुंबात वाटलेली. एका दाढेच्या रूट कॅनल आणि कॅपमध्येच ती संपू शकते. ब्लीचिंग, व्हिनिअर, तारा याही पॉलिसींत बहुधा वगळलेल्याच असतात. घेतल्यावर ग्राहक माहिती पत्रक मराठीतून मागा, ते मागण्याचा तुम्हाला हक्क आहे. पटले नाही तर 30 दिवसांत पॉलिसी परत करता येते.

आणि कंपनीने कोड 08 चे अपवाद बाजूला सारून खरा दावा नाकारलाच, तर आधी कंपनीच्याच तक्रार कक्षाकडे लेखी जा. 30 दिवसांत समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे. तिथे फी नाही, वकील लागत नाही, पण वर्षभराच्या आत जावे लागते.

मग खुर्चीवरच्या कामाचे काय? सार्वजनिक आरोग्य विभागाच्या ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. दंतवैद्य असेल तिथे दात काढणे, भरणे होते. नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे असल्याने ही माफी त्याला लागू नाही, पण दर खासगीपेक्षा बरेच कमी आहेत, आणि तारा, कॅप, कवळी ही कामे तिथे होतात. फक्त तारांचा हिशेब करताना फेऱ्या मोजा. काम दीड-दोन वर्षे चालते, दर चार-सहा आठवड्यांनी जावे लागते, म्हणजे पंधरा-वीस खेपा. सिरोंच्याहून एवढ्या खेपांचे भाडे आणि बुडालेली मजुरी धरली, तर जिल्ह्याच्या ठिकाणचा महागडा वाटणारा दवाखानाही स्वस्त पडू शकतो.